रस्ता कच्चा ठेवण्याचा अधिकार

‘खडी’ हा शब्द महाराष्ट्रातील एका पिढीच्या कानांना अजूनही बोचतो. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, चाऱ्याअभावी जनावरे गेली आणि ज्यांच्या घरी एरवी गडी राबत असत अशा शेतकऱ्यांनाही हातात हातोडी घेऊन रस्त्याच्या कडेला खडी फोडण्यास बसावे लागले. १९७३ च्या मे महिन्यात सरकारी दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. मस्टरवर अंगठा उठवायचा, दिवसभर दगडाचे तुकडे करायचे, मिळालेली सुकडी पोरांच्या तोंडी लावायची आणि पगाराच्या दिवसाची वाट पाहायची, हे त्या काळचे जिणे. खडीचा रस्ता म्हणजे हलाखी आणि त्यावर डांबर पडणे म्हणजे गावाला बरे दिवस येणे, हे समीकरण त्या पिढीच्या मनात कायमचे बसले असल्यास नवल नाही.

नेमक्या याच खडीवरून, पदरचे पैसे खर्चून, घाम गाळीत सायकल चालविणे हा आज युरोप-अमेरिकेतील सुस्थितीतल्या माणसांचा आवडता छंद होऊन बसला आहे. त्यासाठी निराळ्या घाटणीची सायकल निघाली असून ‘ग्रॅव्हल बाइक’ या नावाने ती ओळखली जाते. शर्यतीच्या सायकलीसारखे तिचे हँडल खाली वळलेले असते. पण टायर चांगले रुंद, चार-साडेचार सेंटिमीटरपर्यंतचे, त्यांत हवा थोडी कमी भरलेली आणि चढावर दम टिकावा म्हणून गिअर हलके. डोंगराळ मुलखातील कच्च्या, शांत, मोटारी सहसा न फिरकणाऱ्या रस्त्यांवरून दिवसचे दिवस भटकता यावे, हा तिचा हेतू. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ साली ३४ जणांनी अशा रस्त्यांवरून २०० मैलांची शर्यत लावली. पुढे तिला हजारो लोक येऊ लागले. २०२२ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने इटलीच्या व्हेनेतो प्रांतात या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरविली. पुण्या-मुंबईच्या दुकानांतही ही सायकल येऊन पोहोचली आहे आणि सह्याद्रीतील आडवाटा धुंडाळीत हिंडणारी तरुण मंडळी शनिवार-रविवारी दिसू लागली आहेत.

या छंदाची थट्टा करणे सोपे आहे. ज्यांना रस्त्याची ददात नाही त्यांनाच धुळीचे डोहाळे लागतात, असे म्हटले की विषय संपला. पण तो तेवढ्याने संपत नाही. ज्या रस्त्यावर मोटारींचा गोंगाट नाही, जेथे म्हातारा माणूस काठी टेकीत मधोमध चालू शकतो आणि मुले निर्धास्तपणे शाळेत जातात, असा रस्ता मिळण्यासाठी जगातील अनेक शहरे आज धडपडत आहेत. असे रस्ते कोठे उरले आहेत, ते कसे उरले, आणि ते तसेच ठेवावेत की नाही हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न सायकलवाल्यांपुरता मर्यादित नाही. डोंगरात राहणाऱ्या माणसाशी त्याचा अधिक जवळचा संबंध आहे.

या प्रश्नात इतिहासाने एक मौजेची खोच मारून ठेवली आहे. गुळगुळीत रस्त्यांची मागणी संघटितपणे प्रथम कोणी केली असेल, तर ती सायकलवाल्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मॅकॲडॅम नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने बारीक, कोनदार दगडांचे थर एकावर एक पसरून रस्ते बांधण्याची पद्धत रूढ केली. दगड किती बारीक हवा, तर त्याचे वजन सहा औंसांहून अधिक भरता कामा नये. गाड्यांच्या लोखंडी धावांखाली दगडांचा चुरा होई, तो फटींत बसे आणि रस्ता घट्ट होई. एवढे दगड फोडावयाचे कोणी? इंग्लंडमधील अनाथ-दरिद्री लोकांच्या आश्रयगृहांत हे काम कंगालांना देण्यात येई. हीच रीत इंग्रजी अमदानीत दुष्काळी कामांच्या रूपाने हिंदुस्थानात आली, आणि इंग्रज गेल्यावरही १९७२ पर्यंत ती चालू राहिली. असो. १८८० नंतर सायकलींचा सुळसुळाट झाला, तेव्हा हे खडीचे रस्तेही सायकलस्वारांना खडबडीत वाटू लागले. १८८६ साली इंग्लंडातील सायकल संघटनांनी रस्ते-सुधारणेसाठी स्वतंत्र संस्था काढली. अमेरिकेतील सायकलस्वारांनीही तशीच चळवळ केली. पुढे मोटार आली. तिच्या रबरी, वेगवान चाकांनी खडीतला बारीक चुरा उधळून दिला, धुळीचे लोट उठले आणि १९०२ साली मोनॅकोत एका डॉक्टरच्या सूचनेवरून रस्त्यावर डांबर पसरून पाहण्यात आले. धूळ बसली. रस्ता गुळगुळीत झाला. मात्र तो ज्यांनी मागितला होता त्यांना मोटारींनी बघता बघता कडेला लोटले. त्या सायकलस्वारांचे नातू-पणतू आता खडी शोधीत डोंगरात शिरले आहेत.

खडीचे रस्ते पाहावयास हे लोक जेथे मोठ्या संख्येने जातात असा एक मुलूख म्हणजे इटलीतील तोस्कानाचा, त्यातही सिएना शहराच्या भोवतालचा. उत्तरेस द्राक्षमळ्यांनी भरलेल्या किआंतीच्या टेकड्या, आग्नेयेस राखी रंगाच्या चिकणमातीचे उघडेबोडके उंचवटे आणि त्यापलीकडे ओर्चा नदीचे खोरे. या साऱ्या प्रदेशात ‘स्त्रादे बिआंके’, म्हणजे पांढरे रस्ते, जाळ्यासारखे पसरले आहेत. पांढरट खडीचे, दोन्ही बाजूंना सुरूसारख्या उंच सायप्रस वृक्षांची रांग असलेले, टेकडीच्या माथ्यावरून पुढच्या टेकडीच्या माथ्याकडे वळणे घेत जाणारे. हा मुलूख मराठी माणसाला अगदीच परका आहे असे नाही. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजी, येथून पूर्वेस असलेल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चालून गेले आणि धारातीर्थी पडले; त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

चित्रासारखे दिसणारे हे रस्ते हौसेने बांधलेले नाहीत. त्यांच्या मुळाशी ‘मेत्साद्रिया’ ही शेतीची पद्धत आहे. या शब्दात ‘अर्धा’ हा अर्थ दडलेला आहे, आणि आपल्याकडील अर्धेलीची शेती ज्यांनी पाहिली असेल त्यांना तो चटकन समजेल. जमीन, घर आणि भांडवलाचा काही भाग मालकाचा, श्रम कुळाच्या साऱ्या कुटुंबाचे, पीक निम्मे-निम्मे. फरक एवढाच की येथील कूळ गावात राहत नसे. मालकाची जमीन अनेक वाट्यांत विभागलेली असे आणि प्रत्येक वाट्याच्या मधोमध, बहुधा टेकडीच्या माथ्यावर, त्या कुळाचे दगडी घर असे. खाली गुरांचा गोठा, वर माणसे. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन पिढ्या राहत. घरातला कर्ता पुरुष मालकाच्या कारभाऱ्यापुढे हिशेबाला उभा राहणार आणि वर्षाअखेरीस हिशेबाच्या वहीत कुळाच्या नावे देणेच निघणार, ही रीत सांगण्यासाठी इटालियन शब्दकोशाची गरज नाही. ठरलेल्या सणांना मालकाच्या वाड्यावर कोंबड्या आणि अंडी पोहोचविणे हेही करारातच असे.

घरे अशी विखुरलेली, म्हणून प्रत्येक घराला रस्ता हवा. धान्य, द्राक्षे, ऑलिव्ह बैलगाडीने मालकाच्या कोठाराकडे न्यावयाची, गिरणीवर जावयाचे, रविवारी चर्चला जावयाचे. त्या रस्त्यांच्या कडेचे चर उपसणे, पावसाने वाहून गेलेली खडी पुन्हा भरणे, बांध सावरणे ही कामे कुळांच्याच अंगावर पडत. किआंतीतील ब्रोलिओचा किल्ला रिकासोली घराण्याचा. त्या घराण्यातील बेत्तिनो रिकासोली हा एकीकरणानंतरच्या इटलीचा दुसरा पंतप्रधान. किआंतीच्या मद्यात कोणती द्राक्षे किती असावीत याचा पाठ १८७२ साली त्याने घालून दिला. मद्याच्या बाटलीवर किल्ल्याचे चित्र असते. किल्ल्याच्या तटापासून दऱ्यांत उतरणाऱ्या रस्त्यांवर ज्यांनी खडी टाकली त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

ओर्चा खोऱ्यातील एका रस्त्याचे उदाहरण तर फारच बोलके आहे. ला फोचे नावाची ओसाड, झिजलेल्या मातीची मालमत्ता १९२० च्या दशकात ओरिगो दांपत्याने विकत घेतली. इरिस ओरिगो ही पुढे लेखिका म्हणून गाजली. तिची युद्धकाळातील दैनंदिनी विख्यात आहे. या दांपत्याने घळी बुजविल्या, शेतघरे उभारली, कुळांच्या मुलांसाठी शाळा आणि दवाखाना काढला, आणि रस्ते केले. त्यांतला समोरच्या टेकडीवर नागमोडी चढत जाणारा, सायप्रसच्या रांगेचा रस्ता आज तोस्कानाच्या असंख्य दिनदर्शिकांवर छापलेला असतो. शतकानुशतकांचा ग्रामीण शांतपणा म्हणून लोक त्याच्याकडे पाहतात. वास्तविक तो विसाव्या शतकातील एका जमीन-सुधारणेच्या कामाचा अवशेष आहे. २००४ साली युनेस्कोने हे खोरे जागतिक वारशाच्या यादीत घातले.

ही व्यवस्था मोडली ती युद्धानंतर. कुळांनी संघटना केल्या, मोर्चे काढले. प्रथम त्यांचा वाटा निम्म्यावरून ५३ टक्क्यांवर आला आणि १९६४ च्या कायद्याने तो ५८ टक्के करून असे नवे करार करण्यासच बंदी घातली. येथे महाराष्ट्राशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. आपल्याकडे १९४८ चा कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कायद्याच्या साऱ्या पळवाटा धरूनही अनेक कुळे जमिनीची मालक झाली. मालक झालेले कूळ गावातच राहिले आणि ग्रामपंचायतीत जाऊन रस्ता मागू लागले. तोस्कानात काही कुळांनी जमिनी घेतल्या हे खरे. परंतु कायदा पुरता हाती येण्याच्या आतच फार मोठ्या संख्येने माणसे फ्लॉरेन्सच्या, प्रातोच्या, उत्तरेकडील शहरांच्या कारखान्यांकडे निघून गेली. तरुण मुलींना टेकडीवरच्या, नळ नसलेल्या घरात लग्न करून जावयाचे नव्हते, आणि त्यांना दोष कोण देणार? घरे रिकामी पडली. छपरे कोसळली. पुढे तीच घरे इंग्रज, जर्मन, स्विस आणि मिलान-रोमच्या धनिकांनी घेऊन दुरुस्त केली. पांढरे रस्ते टिकले त्याचे एक कारण हे की त्यांच्यावर डांबर टाका म्हणून आरडाओरडा करणारे कोणी तेथे उरलेच नव्हते.

तरीही डांबर आलेच. जे थोडे लोक राहिले त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. उन्हाळ्यात प्रत्येक मोटारीमागे धुळीचा ढग उठतो आणि तो वाळत घातलेल्या कपड्यांवर, द्राक्षांच्या घडांवर, जेवणाच्या ताटात बसतो. पावसाळ्यात घळी पडतात. आजाऱ्याला नेणारी गाडी हळू जाते. नगरपालिकांनाही दरसाल खडी भरण्यापेक्षा एकदा डांबर टाकून मोकळे होणे सोयीचे वाटे. असा एकेक तुकडा काळा होत चालला. यात कोणाचा दुष्टावा नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. मात्र डांबर पडले की केवळ रंग बदलत नाही. खडीवर मोटार ताशी तीस-चाळीस किलोमीटरने जाते. डांबरावर तीच ऐंशीने धावते. वेग वाढला की तो रस्ता दोन मोठ्या गावांमधला जवळचा मार्ग ठरतो, आणि ज्यांचा त्या टेकडीशी काही संबंध नाही अशांची वाहने तेथून जाऊ लागतात. मग रस्ता रुंद करावा लागतो, वळणे कापावी लागतात, सायप्रस आड येतात. पांढऱ्या रस्त्यांची शांतता कोणा पहारेकऱ्याने राखलेली नव्हती; चाकांखालची खडीच ती राखीत होती.

१९९७ साली किआंतीतील गायोले या लहान गावी जानकार्लो ब्रोच्ची याने एक सायकल-फेरी काढली. नाव ‘लेरोइका’, म्हणजे वीरांची. पहिल्या वर्षी ९२ सायकलस्वार आले. हेतू दुहेरी होता. एक, बार्ताली आणि कोप्पी यांच्या जमान्यातील सायकलिंगची आठवण जागविणे. फ्लॉरेन्सजवळचा जीनो बार्ताली हा युद्धाआधी आणि युद्धानंतरही फ्रान्सची महाफेरी जिंकणारा वीर; जर्मन अमलाखाली ज्यू लोकांना वाचविण्याच्या कामाबद्दल २०१३ साली, मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, इस्राएलच्या याद वाशेम या संस्थेने त्याचा गौरव केला. त्याच्या काळात सारे रस्ते असेच खडीचे होते. दुसरा हेतू, हे पांढरे रस्ते डांबराखाली जाण्यापासून वाचविणे. फेरीचे नियम मजेदार आहेत. सायकल १९८७ वा त्यापूर्वीची हवी. गिअरचे दांडे खालच्या नळीवर हवेत, ब्रेकच्या तारा हँडलबाहेर लोंबत्या हव्यात, पायाला पट्ट्याचे पॅडल हवे. अंगात लोकरी जर्सी. सर्वांत लांबची फेरी २०९ किलोमीटरची. ती अंधारात, दिवे लावून सुरू होते आणि थोड्याच वेळात ब्रोलिओच्या किल्ल्याचा चढ लागतो. वाटेत खाण्यासाठी ‘रिबोल्लिता’ मिळते. शिळा पाव, घेवड्याचे दाणे आणि पालेभाजी एकत्र शिजवून केलेले हे कालवण एकेकाळी कुळांच्या घरचे गरिबीचे अन्न होते. आपल्याकडे हुरडा आणि पिठले-भाकरी यांचे जे झाले तेच तेथे रिबोल्लिताचे झाले आहे.

ब्रोच्चीची युक्ती यशस्वी ठरली, यात शंका नाही. फेरीला येणारे शेकड्यांवरून हजारांवर गेले, इतके की संख्येवर मर्यादा घालावी लागली. २०९ किलोमीटरच्या मार्गावर कायमच्या पाट्या लागल्या आणि वर्षभर कोणीही, कोणतीही सायकल घेऊन, तेथून जाऊ लागला. २००७ पासून याच रस्त्यांवर व्यावसायिकांची शर्यतही होऊ लागली. सिएनाच्या भव्य चौकात ती संपते. २०१५ पासून स्त्रियांचीही शर्यत असते. स्वित्झर्लंडच्या फाबिआन कान्चेल्लारा याने ती तीनदा जिंकली, तेव्हा खडीच्या एका खडतर टप्प्याला त्याचे नाव देण्यात आले. कुळाच्या बैलगाडीने शतकानुशतके झिजविलेल्या रस्त्याला शेवटी नाव लागले ते एका परदेशी खेळाडूचे! पण तक्रार करण्यात अर्थ नाही. ज्या रस्त्याला दूरचित्रवाणीवर जगभर पाहिले जाते त्यावर डांबर टाकताना कोणतीही नगरपालिका दहादा विचार करील. खाणावळींना गिऱ्हाईक मिळाले, सायकल दुरुस्त करणाऱ्यांना काम मिळाले, आणि खडी ही मागासलेपणाची खूण न राहता उत्पन्नाचे साधन झाली. ऑक्टोबरातल्या त्या एका रविवारी मात्र शांत रस्त्यांच्या ओढीने आलेल्या हजारो माणसांमुळे तेच रस्ते वर्षातले सर्वांत गजबजलेले असतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कच्चा ठेवलेला रस्ता म्हणजे दुर्लक्षिलेला रस्ता नव्हे. खडीचा चांगला रस्ता राखणे हे डांबरी रस्त्याहून अधिक कटकटीचे काम आहे. मधला भाग किंचित उंच हवा, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना निथळते. कडेचे चर पावसाआधी उपसलेले हवेत. उतारावर ठरावीक अंतराने आडवे पन्हळ हवेत. नाही तर पाणी रस्त्यालाच ओढा समजून वाहते आणि एका पावसात खडी खाली, खडक वर. शिवाय मोटारी ठरावीक वेगापलीकडे धावू लागल्या की खडीवर धुण्याच्या पाट्यासारख्या आडव्या वळ्या पडतात. त्या दाबून जात नाहीत, यंत्राने खरवडून पृष्ठभाग पुन्हा सारखा करावा लागतो. सायकलने या रस्त्याचे जवळजवळ काहीच बिघडत नाही. बिघडते ते मोटारीने, आणि तो मोटारवाला पुष्कळदा सायकल गाडीच्या टपावर बांधून आलेला सायकलस्वारच असतो. पूर्वी ही सारी निगा कुळे फुकट राखीत. आता तिचा खर्च कराच्या पैशातून येतो. तोस्कानाने हा खर्च स्वीकारला आहे, आणि तेथील दोन गावांना जोडणारे मुख्य रस्ते पक्के आहेत, आजाऱ्याला दवाखाना गाठता येतो, हे विसरून चालणार नाही. पांढरा रस्ता तेथे जादा आहे. आहे त्या एकमेव रस्त्यावर कोणी खडीची सक्ती केलेली नाही.

सह्याद्रीत नेमकी उलट स्थिती आहे. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली तेव्हा साधारण मुलखात ५०० आणि डोंगराळ राज्ये, आदिवासी क्षेत्रे अशा ठिकाणी २५० लोकवस्तीच्या गावांना बारमाही रस्ता देण्याचे ठरले. त्या योजनेने पुष्कळ गावे जोडली, हे मान्य केलेच पाहिजे. पण कड्याच्या पोटातील धनगरवाडा किंवा दहा-पंधरा उंबऱ्यांची ठाकरवाडी कोणत्याच आकड्यात बसत नाही, आणि अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून चार-चार मैल चालत आणल्याच्या बातम्या पावसाळ्यात आजही वाचावयास मिळतात. अशा वाडीच्या वाटेवर रुंद टायरची सायकल घेऊन पोहोचलेल्या तरुणाला तेथील निवांतपणा मोहक वाटतो, तो खोटा नसतो. पण ‘हा रस्ता असाच राहिला पाहिजे’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघाले, तर वाडीतल्या माणसाने ते कोणत्या कानांनी ऐकावे? दुसऱ्या बाजूने पाहिले तर, डांबर आले की त्याच्या मागोमाग जमिनीचे दलाल येतात, डोंगराच्या उताराला फार्महाउसांचे चौकोन पडतात आणि ज्या वाडीसाठी रस्ता झाला तिच्यातल्या मुलांना त्याच रस्त्यावरून जीव मुठीत धरून शाळेला जावे लागते, हेही घाटमाथ्यावर घडताना दिसत आहे. म्हणजे वाडीला रस्ता हवा आहे. रस्त्याबरोबर फुकट येणारा वेग तिने मागितलेला नाही. या दोहोंची ताटातूट करता येते का, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे, आणि आपल्याकडे तो एकाच ठिकाणी गांभीर्याने विचारला गेला आहे.

ते ठिकाण म्हणजे माथेरान. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तेथे चढून गेला, १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी आली. पण माथ्यावर मोटारीला प्रवेश मिळाला नाही. आजही मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढे लाल मातीचे रस्ते, झाडी आणि घोड्यांच्या टापा. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने या डोंगराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. मोटारींचा धूर आणि कर्णे नसलेला, मातीच्या रस्त्यांचा असा दुसरा गाव महाराष्ट्रात दाखविणे कठीण. परंतु या शांततेचा बोजा उचलला कोणी? शब्दशः उचलला तो हातरिक्षा ओढणाऱ्यांनी, हमालांनी आणि घोडेवाल्यांनी. गॅसच्या टाक्यांपासून पाहुण्यांच्या पेट्यांपर्यंत सारे काही माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून चढले. माथेरानचे शाळकरी मूल मैलोगणती चालले आणि म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यासाठी दुसऱ्या माणसाने ओढलेल्या गाडीत बसावे लागले. हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच ई-रिक्षांची मागणी लावून धरली, तिला घोडेवाल्यांचा विरोध झाला, कारण त्यांचे पोट त्यावर. आणि २०२२ च्या डिसेंबरात चाचणीदाखल काही ई-रिक्षा सुरू झाल्या.

पाठोपाठ वाद उभा राहिला तो रस्त्याच्या पृष्ठभागाचा. ई-रिक्षा मातीत चालेना, म्हणून ठोकळ्यांची फरसबंदी आली. फरसबंदीवर घोड्याचे पाय घसरतात आणि पाणी मुरत नाही, म्हणून ती उखडा, अशी मागणी झाली. हे सारे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने, माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा अमानुष असल्याचे सांगून, हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्यासाठी योजना आखण्याचा आदेश दिला. रस्त्याबाबत न्यायालयाने सरधोपट निकाल दिला नाही. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर, जेथे पोटासाठी आणि औषधपाण्यासाठी माणसांची रोजची ये-जा आहे, तेथे ठोकळे बसविण्यास मुभा दिली. पुतळ्यापलीकडे आत जाणाऱ्या वाटांवर, जेथून लोक कड्यांच्या टोकांकडे फिरावयास जातात, तेथे ते बसवू नयेत आणि माती मातीच राहू द्यावी, असे सांगितले.